दोनशे बारा सांधे

पिस्कॅटवे, न्यू जर्सी
९ सप्टेंबर २००६

ती. सुमित्रा आत्यास,
कांचनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनाने जुळवतेस, म्हणून आपण पत्रांचा तह केला ते बरंच झालं. मालिनीताईचं बाळंतपण सुखरूप झालं, बाळ दूध पिऊन झोपतं, नील प्रत्येक गोष्टीचं उत्तर इंग्रजीत देतो, सगळं कळलं. पण पत्राचं दीड पान तू भाऊजींच्या एअर कंडिशनरवर घालवलं आहेस. बाहेर टेक्सासचं ऊन आणि घरात स्वेटर, ही शुगर लँडची रीतच आहे म्हणतात. जानेवारीत येवल्याला परत जाईपर्यंत स्वेटर घाल आणि जावयाशी भांडू नकोस.

आता माझी बातमी. मी ज्या छोट्या गॅलरीत काम करते (आणि ते काम आहे म्हणूनच माझं इथलं शिक्षण चालू आहे) तिथे एक फार मोठी वस्तू आली आहे. आकाराने मोठी नव्हे, अर्थाने. हॉलंडमध्ये टिलबर्ग नावाचं विणकरांचं गाव आहे, तिथल्या मारेके नावाच्या बाई आणि घानामधला एक विणकर, या दोघांनी नऊ वर्षं मिळून केलेलं हे काम. जुन्या काळी युरोपातून रेशमी कापड घानात जायचं, तर तिथले विणकर ते तसंच नेसण्याऐवजी उसवायचे आणि त्या धाग्यांतून आपल्या पद्धतीच्या पट्ट्या विणायचे. त्यावरूनच या बाईंना सुचलं. त्यांनी रेशीम पाठवलं, त्याने उसवून पाच बोटं रुंद पट्टी विणली आणि परत पाठवली. मग त्यांनी त्याची पट्टी थोडी उसवली, त्याच धाग्यांनी पुढे विणली आणि पुन्हा त्याला पाठवली. असं करत करत इतकी लांब पट्टी झाली आहे की खोलीच्या चारही भिंतींना वेढा घालते. त्या दोघांना एकमेकांची भाषा फारशी येत नाही, तरी कापडातून बोलणं चालू. दोन खंडांचा हा संवाद माझ्या हाताखालून जातो आहे याचं मला फार अप्रूप वाटतं, आत्या.

पण प्रवासात एक घात झाला होता. पेटी उघडली तर पट्टीचं शेवटचं टोक आणि सुरुवातीचं टोक एकमेकांसमोर कागदात गुंडाळलेली, दोन्हींचे ताण्याचे उभे धागे सुटून लोंबत होते. वेढा तुटलेला. माझ्याकडे पट्टीच्या मागे टांगायची फीत शिवण्याचं काम होतं, बाकीचे सगळे दुसऱ्या पेट्यांमागे. मी दोन दुपारी बसून, तू शिकवलीस तशी, धाग्याला धागा जोडून सांधणी केली. एकही गाठ नाही, फक्त पीळ. मोजून दोनशे बारा. हातमोज्यांत पीळ बसेना म्हणून ते काढून ठेवले, आणि पीळ घट्ट धरायला लागणारी राख कुठून आणणार, तर घरच्या देवापुढच्या उदबत्तीची नेली. कुणाच्या लक्षातही आलं नाही, इतकं बेमालूम झालंय. १४ ऑक्टोबरला उद्घाटन आहे. तोवर कुणाला सांगणार नाही, फक्त तुला.

आप्पांना पत्र टाकलंस तर हे कळव. घरातल्या पहिल्या पदवीधर मुलीला शेवटी घरचीच विद्या उपयोगी पडली म्हणून ते आठवडाभर गल्लीत सांगत फिरतील.

माया आहे तशीच राहू दे, आणि औषध वेळेवर घे.

तुझी,
कांचन


शुगर लँड
१६ सप्टेंबर २००६

चि. कांचन हिस,
सुमित्रा आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं. दोन खंडांचा संवाद ते काही मला नीटसं समजलं नाही. दोन माणसं नऊ वर्षं एकमेकांचं कापड उसवतात आणि भांडत नाहीत, एवढं समजलं, आणि त्याचंच नवल वाटलं. आमच्याकडे तुझ्या आजीने माझी एक वीत उसवली असती तर मी तिच्याशी महिनाभर बोलले नसते.

इकडे सगळं ठीक. गावाच्या नावात साखर आणि मला चहा बिनसाखरेचा. मालिनी म्हणते डॉक्टरांनी सांगितलंय, मला वाटतं ती स्वतःच सांगते. गाडी चालवता येत नाही म्हणून मी घरात, आणि चालायला जावं तर रस्त्यावर माणूस नाही. काल नीलला विचारलं की बाबा रे, इथले लोक राहतात कुठे, तर तो म्हणाला ‘इन देअर हाउसेस, आजी’. बरोबरच आहे त्याचं.

तुझ्या सांधणीचं ऐकून ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू. आठव्या वर्षी तू माझ्या मांडीला चिकटून पीळ द्यायला शिकलीस आणि पहिल्या दिवशी चाळीसातले पस्तीस सुटले होते. तेव्हा रडलीस ती जेवली नाहीस. दोनशे बारा धरले म्हणजे हात तयार झाला.

पण पोरी, दोन गोष्टी मला टोचतात. प्रवासात तुटलेला धागा वेडावाकडा तुटतो, एक लांब, एक आखूड, टोकाला पिसारलेला. तू लिहितेस की धागे लोंबत होते. ते सगळे सारख्या लांबीचे होते का? सारखे असतील तर ते तुटले नाहीत, कुणीतरी ठेवले. विणकर कापड उतरवतो तेव्हा मागावर जुन्या ताण्याचं वीतभर शेपूट ठेवतोच, पुढचा ताणा त्याला सांधायला. ते तुला मी सांगायला नको.

दुसरं असं की तू बाईचं नाव लिहिलंस, गावाचं नाव लिहिलंस, आणि विणकराला नुसतं विणकर म्हणालीस. त्याला नाव नाही का?

बाळाचं नाव अजून ठरलेलं नाही, तेवढ्यात तुझ्या लग्नाचा विषय मालिनीने काढला होता. मी तिला म्हटलं, मुलगी राख घेऊन म्युझियमात जाते, तिला कोण करून घेणार.

आमचा जीव तुझ्यात आहे हे विसरू नये.

तुझी,
सुमित्रा आत्या


पिस्कॅटवे
२४ सप्टेंबर २००६

ती. आत्यास,
कांचनचा सा. न. वि. वि.

धागे सारखे होते. तुझं पत्र वाचलं आणि न बघताच मला ते आठवलं. दोन्ही टोकांना वीतभर, कात्रीने नीट सारखे केलेले. सांधताना मला उलट आनंदच झाला होता, की बरं झालं, काम सोपं आहे.

दुसऱ्या दिवशी मी कामाची सगळी फाइल काढून वाचली. ती आधीच वाचायला हवी होती. माझ्या वाट्याच्या फितीची दोनच पानं मी वाचली होती. सहाव्या पानावर स्पष्ट लिहिलं आहे की पट्टीची दोन टोकं कोपऱ्यात एकमेकांसमोर, हातभर अंतर ठेवून टांगायची. मारेकेबाईंनी २००४ मध्ये शेवटची पट्टी पाठवली, ती विणकराने पुढे न विणता तशीच परत धाडली, आणि नंतर उत्तरच दिलं नाही. दोन वर्षं वाट बघून त्यांनी ती रिकामी जागाच कामाचा शेवट म्हणून ठेवली. म्हणजे त्या जागेतच सगळा अर्थ होता आणि ती मी बुजवून टाकली.

विणकराचं नाव क्वाबेना. भिंतीवर लावायच्या पाटीवर ते कुठेच नाही. तिथे मारेकेबाईंचं नाव ठळक आहे आणि खाली बारीक अक्षरांत ‘घानातील एका विणकराच्या सहकार्याने’. ती पाटी मी स्वतः तीन वेळा तपासली होती, स्वल्पविराम बरोबर आहेत ना हे बघायला.

मारेकेबाई १० ऑक्टोबरला येत आहेत. क्वाबेनाही येणार, कारण त्यांची मुलगी इथून जवळ नेवार्कला असते आणि तेही तुझ्यासारखेच नातवंडं सांभाळायला आले आहेत. आमच्या संचालिका डेबराबाई माझ्यावर फार विश्वास टाकतात. हे कळलं तर मला काढतील. काम गेलं की शिक्षण गेलं, आणि डिसेंबरमध्ये तुझ्या आधी मीच येवल्याला पोचेन. आप्पा स्टेशनवर घ्यायला येतील, तेच जास्त वाईट.

काल सगळे जेवायला गेले असताना एक सांधा उलटा फिरवून बघितला. धागा तुटला. जुनं रेशीम आहे, एकदा उसवलेलं, पुन्हा विणलेलं. मी घाबरून तसंच ठेवलं. आत्या, न तोडता सांधा सोडवता येतो का? येत असेल तर मी रोज थोडे थोडे करून कुणाला न कळू देता ते होतं तसं करीन. सांगणं खरंच गरजेचं आहे का, हेही लिही. खरं काय ते लिही, मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस.

रागावलीस तरी चालेल, पण पत्र लवकर टाक.

तुझी,
कांचन


शुगर लँड
३० सप्टेंबर २००६

चि. कांचन हिस,
अनेक आशीर्वाद.

तुला बरं वाटावं म्हणून मी आजवर काही लिहिलेलं नाही, आता कशाला सुरुवात करू.

सांधा सोडवता येतो. पण त्याला तीन माणसं लागतात. एकाने इकडून ताण धरायचा, दुसऱ्याने तिकडून. दोघांचा ताण सारखा राहिला तरच मधल्याच्या बोटांत पीळ उलटा फिरतो. तू एकटीने केलंस म्हणून तुटला. आधी ओलसर बोट लावायचं, म्हणजे राख सुटते. तेव्हा कुणाला न कळू देता हे होणारच नाही. सांधणी चोरून करता आली, उसवणं चोरून करता येत नाही. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आलं.

मला हे कुठून माहीत, तर ऐक. तू पाच वर्षांची होतीस. माझी पोपटाच्या पदराची पैठणी व्यापाऱ्याने मुंबईला प्रदर्शनात नेली. तिला पहिला नंबर मिळाला आणि पेपरात फोटो आला तो व्यापाऱ्याचा. साडी त्याच्या दुकानाची, असं खाली छापलं होतं. मी काही बोलले नाही. मागावरचं कापड उतरवलं, वीतभर शेपूट ठेवलं आणि नवा ताणा सांधलाच नाही. लोक विचारायचे, मी म्हणायचे डोळे दुखतात. तिसऱ्या महिन्यात मी मालिनीच्या शाळेत गेले होते, तेवढ्यात तुझ्या आप्पांनी माझ्यावरच्या मायेने बसून अख्खा ताणा सांधून ठेवला. बहिणीचा माग सुना दिसतो म्हणून. व्यापाऱ्याचा मला जेवढा राग आला नव्हता तेवढा त्या दिवशी भावाचा आला. गप्प बसणं हे माझं बोलणं होतं, आणि ते त्याने परस्पर संपवून टाकलं होतं. मग आप्पांनी एकीकडे ताण धरला, तुझ्या आईने दुसरीकडे, आणि मी सगळे सांधे सोडवले. आठ महिन्यांनी मनात आलं तेव्हा माझा मीच सांधला.

तो क्वाबेना गप्प का बसला हे ना मला माहीत, ना तुला. तू त्याचं उत्तर त्याच्या वतीने देऊन टाकलंस. चांगल्या मनाने दिलंस हे मी ओळखते, पण आप्पांचंही मन चांगलंच होतं. तेव्हा आधी तुझ्या बाईंना सांग, त्या दोघांनी येऊन बघायच्या आत. आणि क्वाबेनाची माफी वेगळी माग. कापडाबद्दलची वेगळी, परस्पर उत्तर दिल्याबद्दलची वेगळी.

काढलंच तर ये परत. माग काही कुणी नेलेला नाही. त्यावर शेपूट ठेवूनच मी इकडे आले आहे.

बाळाचं नाव सावनी ठेवलं. नील तिला सॅव्ही म्हणतो. मी काही म्हणत नाही, मला निम्मंच ऐकू येतं.

धीर धर, आणि जेव.

तुझी,
सुमित्रा आत्या


शुगर लँड
१३ ऑक्टोबर २००६

चि. कांचन हिस,
आशीर्वाद.

हे पोस्टकार्डच टाकते. दोन आठवडे झाले, तुझं काही नाही. मालिनीने दोनदा फोन केला तर मशीन बोललं, आणि तिसऱ्यांदा तू सगळं छान आहे म्हणालीस म्हणे. तुझं सगळं छान असतं तेव्हा तू चार पानं लिहितेस, म्हणून काळजी वाटते. गप्प बसायचा हक्क विणकराला आहे, भाचीला नाही.

ओळ तरी लिही, एवढी मागणी.

आत्या


पिस्कॅटवे
१८ ऑक्टोबर २००६

ती. आत्यास,
कांचनचा सा. न. वि. वि.

चार पानं लिहिते आहे, तेव्हा छान आहे असं समज. निदान बरं आहे.

तुझं पत्र ३ तारखेला मिळालं आणि ४ तारखेला सकाळी मी डेबराबाईंकडे गेले. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि मी काय केलं ते लिहून द्यायला सांगितलं. मी लिहिलं. हातमोजे काढले हेही लिहिलं. राखेपाशी त्यांनी मला थांबवून विचारलं की राख म्हणजे नक्की कशाची. उदबत्तीची हे समजावताना मला स्वतःलाच ते कसंतरी वाटायला लागलं. माझं वस्तूंना हात लावणं त्या दिवसापासून बंद. उद्घाटनाच्या खुर्च्या मोजायला लावलं. पुढचा निर्णय मारेकेबाई आल्यावर, असं म्हणाल्या. म्हणून तुला लिहिलं नाही, लिहिण्यासारखं काही ठरतच नव्हतं.

मारेकेबाई १० तारखेला आल्या. उंच, पिकलेल्या केसांच्या, हातावर सुईचे डाग. डेबराबाईंनी त्यांना आधीच सांगायचं ठरवलं होतं, पण त्या विमानतळावरून थेट खोलीतच शिरल्या. कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि सांधा बघून तिथेच जमिनीवर बसल्या. नंतर त्यांनीच सांगितलं की क्षणभर त्यांना वाटलं, तो येऊन गेला, त्याने उत्तर दिलं. मी दारात उभी होते. त्यांना ते खरं नाही हे मला सांगावं लागलं. आत्या, कामावरून काढलं असतं तरी त्याहून बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी क्वाबेनाकाका आले. (हो, काका. माझ्या तोंडून आपोआप आलं, आणि त्याचा अर्थ सांगितल्यावर ते म्हणाले की त्यांच्याकडेही असंच म्हणतात.) सत्तरीचे असतील. मुलीने जबरदस्तीने घातलेलं जाडजूड जॅकेट, आणि हातात कापडी पिशवी. मारेकेबाईंना त्यांनी नुसती मान लवून नमस्कार केला. मग सांध्याजवळ गेले, अंगठ्याने एकेक धागा चाचपला, आणि तुला खोटं वाटेल, पण वाकून वास घेतला. चंदनाचा वास येतो म्हणाले. हात चांगला आहे म्हणाले. पण माझा नाही म्हणाले.

मी पुढे होऊन दोन माफ्या मागितल्या, तू सांगितल्यास तशा. कापडाची त्यांनी हातानेच उडवून लावली. दुसरीला मात्र त्यांनी मला विचारलं की मला उत्तर द्यायचं आहे असं तुला कुणी सांगितलं. मी म्हटलं, कुणी नाही, मला तुटलेलं दिसलं. ते म्हणाले की तुटलेलं नव्हतं, थांबवलेलं होतं. अगदी तुझ्यासारखे बोलतात.

मारेकेबाई म्हणाल्या की आता झालंय तर राहू दे, वेढा पूर्ण सुंदर दिसतो. काका म्हणाले, उसवायचं. डेबराबाईंनी ताण धरायला चिमटे आणवायची तयारी दाखवली. तेव्हा मी, हात लावायची बंदी असलेली, मध्येच बोलले की चिमट्याला धागा तुटायच्या बेतात आल्याचं कळत नाही, हाताला कळतं, आणि माझ्या आत्याच्या म्हणण्याप्रमाणे याला तीन माणसं लागतात. इकडचे धागे काकांनी विणलेले, तिकडचे बाईंनी. तर मग ताण कुणी धरायचा, हे कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही. मधे बसायला मात्र पीळ दिलेला हातच हवा, असं काकांनी डेबराबाईंना सांगितलं, म्हणून मला दोन दिवसांची सूट मिळाली.

दोघं समोरासमोर स्टुलांवर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ, आणि मी मधे जमिनीवर. पहिले पन्नास धागे निघाले. मग काकांनी बाईंना मोडक्यातोडक्या इंग्रजीत डावा हात सैल सोडायला सांगितलं. थोड्या वेळाने बाईंनी त्यांना विचारलं की ताण जास्त होतोय का. ऐंशीच्या आसपास काकांनी विचारलं की माझं विणलेलं तू किती वेळा उसवलंस. त्या म्हणाल्या पाच वेळा. सोपं गेलं का, असं त्यांनी विचारलं. त्या म्हणाल्या की आयुष्यात इतकं अवघड काही उसवलं नाही. तर काका म्हणाले की मग माझं नाव तुझ्या लक्षात असायला हवं होतं.

मी मान वर केली नाही. बोटांत धागा होता.

मग बाकीचं निघालं. तीन वर्षांपूर्वी या कामाचं पुस्तक निघालं होतं. त्यात काकांचा हात होता, मागाचा फोटो होता, नाव नव्हतं. बाई म्हणाल्या की ते छापणाऱ्यांनी केलं. काका म्हणाले, तू ते वाचलंस ना. पुढचा धागा सुटल्यावर बाई हो म्हणाल्या. त्यांचे हात मोकळे असते तर त्या उठून गेल्या असत्या असं मला वाटतं, आणि कदाचित काकाही. पण एकशे तीस धागे बाकी होते, सोडलं असतं तर सगळा गुंता झाला असता.

दोन दिवस लागले. सात तुटले, ते काकांनी स्वतः नीट केले. पट्टी आता होती तशी टांगली आहे, दोन टोकं समोरासमोर, मधे हातभर जागा. ती वाट बघण्याची जागा नाही, असं काकांनी डेबराबाईंना समजावलं. ते त्यांचं काम आहे. त्यांनी ठरवून न विणलेलं. पाटी शुक्रवारी दुपारी पुन्हा छापली. मारेके आणि क्वाबेना, दोन्ही नावं एकाच मापाची, आणि खाली पट्ट्यांची यादी. अमुक पट्टी, विणकर अमुक, तमुक पट्टी, विणकर तमुक. शेवटची ओळ अशी आहे: ‘मोकळी जागा, २००४ ते २००६, क्वाबेना’. या वेळी मी स्वल्पविराम बघितले नाहीत, नावं बघितली.

माझं असं ठरलं की या सत्रापुरतं काम राहील, पण कागदपत्रांचं. वस्तूंना हात नाही. मे महिन्यात पुन्हा विचार करतील. फाइलमध्ये माझं पत्र कायमचं राहणार, राखेसकट. मला ते बरोबर वाटतं. मारेकेबाई जाताना माझ्याशी हात मिळवून गेल्या.

काकांनी विचारलं की हे तुला कुणी शिकवलं. तुझं नाव सांगितलं, पूर्ण. तीही इथे मुलीकडे अडकली आहे म्हटल्यावर ते पहिल्यांदा मोठ्याने हसले. त्यांनाही गाडी चालवता येत नाही. त्यांनी पिशवीतून तुझ्यासाठी एक बंद पाकीट काढून दिलं आहे, ते वेगळं पाठवते. मी उघडलेलं नाही. शिकले तेवढं.

आशीर्वाद असू दे, आणि टोमणेही असू देत.

तुझी,
कांचन


शुगर लँड
२७ ऑक्टोबर २००६

चि. कांचन हिस,
सुमित्रा आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मालिनीने एकदा वाचून दाखवलं आणि मी तीनदा वाचलं. आप्पांना कळवलं आहे. गल्लीत सांगायला त्यांना आता निम्मीच गोष्ट मिळेल, दुसरी निम्मी त्यांची स्वतःचीच आहे.

पाकीटही आलं. आत पाच बोटं रुंद, हातभर लांब पट्टी आहे. हिरवी, पिवळी, मधे काळा ठिपका. विणकाम घट्ट, कडा सरळ, नाव ठेवायला जागा नाही, आणि मी शोधली. एका टोकाला धागे वीतभर मोकळे सोडले आहेत, कात्रीने सारखे केलेले. चिठ्ठी वगैरे काही नाही. कशाला हवी.

मालिनी म्हणते फ्रेम करून हॉलमध्ये लावू या. आमच्या जावयाने, अमितने, भिंतीचं मापही घेतलं. नीलने विचारलं, ‘इज इट ब्रोकन, आजी?’ मी त्याला जवळ बसवून सांगितलं की नाही रे बाबा, माझी पाळी आहे. त्याला समजलं. तू मोठी शिकलेली, तुला दोनशे बारा सांधे घालून समजलं.

पट्टी माझ्या बॅगेत साड्यांच्या घडीत ठेवली आहे. जानेवारीत घरी गेले की मागावरच्या शेपटाशेजारी ठेवीन आणि बघीन. लगेच सांधीन असं नाही. मनात येईल तेव्हा. त्यांना तसं कळव, आणि माझं पूर्ण नाव लिहून दे, त्यांच्या पाकिटावर नुसतं ‘आत्या’ होतं.

सुट्टीत इकडे आलीस तर स्वेटर घेऊन ये. बॅगेला मात्र हात लावू नकोस.

तुझीच,
सुमित्रा आत्या